एक तरी परकं गिऱ्हाईक

पुण्याचा तो फ्लॅट धाकट्या दिराच्या दारासमोरच होता, आणि पद्मिनीला तो नको असायला तेवढं एक कारण पुरेसं होतं. पण असं तोंडावर कसं बोलणार? उल्हास म्हणजे माणूस सोन्यासारखा. दर रविवारी फोन करायचा आणि म्हणायचा, "वहिनी, दार उघडलं की मी समोर! अजून काय पाहिजे?" पद्मिनी वरवर हसायची. दार उघडलं की रोज तूच समोर, हेच तर नकोय रे बाबा, असं मनातल्या मनात म्हणायची.

आणि खरं कारण त्याहून मोठं होतं. तिला लखनौ सोडायचंच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा हिंदीत धड भाजीही मागता येत नव्हती. आता भाजीवाल्या भैयाशी भांडताना तिच्या तोंडून 'मैं' नाही, अस्सल लखनवी 'हम' निघायचं. अमीनाबादेत कुठल्या बोळात ओला नारळ चांगला मिळतो आणि कुठला चक्कीवाला तांदूळ हवा तसा बारीक दळून देतो, हे तिला पाठ होतं. इथल्या हिवाळ्यावर तिचं प्रेम होतं, इथल्या लोकांच्या लांबलचक बोलण्यावर प्रेम होतं. हे सगळं सोडून या वयात पुण्याला जाऊन 'लखनौच्या वहिनी' म्हणून मिरवायचं? छे!

तिचे यजमान चंद्रहास वैशंपायन आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ. संशोधन संस्थेच्या क्वार्टर्समध्ये सगळी वर्षं गेली, तिथे भिंतीपलीकडे माणसं होती. निवृत्तीनंतर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आधीच बांधून ठेवलेल्या घरात दोघं राहायला आले, आणि चंद्रहास एकटे पडले. जानेवारीत एका पहाटे त्यांना श्वास घेता येईना. बाहेर हात दिसू नये असं धुकं. पद्मिनीने गोमती नगरात राहणाऱ्या विभाला, म्हणजे मराठी मंडळातल्या तिच्या मैत्रिणीला फोन लावला, आणि विभाचा नवरा शहराच्या त्या टोकाहून गाडी घेऊन आला. वेळेवर आला म्हणून निभावलं. तेव्हापासून चंद्रहासांनी एकच पालुपद धरलं होतं, "इथे आपलं कोण आहे, पद्मिनी? गल्लीत एक माणूस ओळखीचा नाही."

आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

२०१०चा जून चालू होता. दसहरी आंबे चिरता चिरता पद्मिनीने विषय काढला. "मी उकडीच्या मोदकांचा व्यवसाय सुरू करते. आता लखनौवालेही घरोघरी गणपती बसवायला लागलेत. जम बसला तर आपण इथेच राहू."

"घेणार कोण?"

"मंडळातले सगळे घेतील."

"ते प्रेमापोटी घेतील. तो पुरावा होत नाही," चंद्रहास म्हणाले. हा माणूस आंबा खातानासुद्धा पुरावा मागायचा. मग कोय चोखून बाजूला ठेवत त्यांनी अट सांगितली. "ओळखीचा नाही, ओळखीच्याच्या ओळखीचाही नाही. स्वतः इंटरनेटवर शोधून आलेलं एक तरी परकं गिऱ्हाईक आपल्याकडे मोदक मागू दे. उल्हासने फ्लॅट अनंत चतुर्दशीपर्यंत धरून ठेवलाय. तोवर असं कुणी आलं, तर मी त्याला नाही म्हणून कळवतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर तू डबे बांधायला घे."

एक परका माणूस! एवढ्या मोठ्या शहरातून एकच! पद्मिनीला वाटलं, जिंकलोच आपण. आणि गंमत म्हणजे तो परका माणूस आणायचं काम चंद्रहासांनी स्वतःकडेच घेतलं. हरायची तयारी आहे, पण प्रयोग मात्र नीट झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

विभाची मुलगी आर्या गोमती नगरातल्या एका कंपनीत हेच काम करायची, लोकांच्या वेबसाइट शोधयादीत वर आणायचं. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिने एका रविवारी येऊन वेबसाइट उभी केली आणि चंद्रहासांच्या कॉम्प्युटरवर तीन सॉफ्टवेअर घालून दिली. "काका, देखिए. ये वाला आपके पेज को नंबर देगा, लाल, पीला या हरा. ये दूसरा बताएगा कि गूगल में आप किस पन्ने पर हैं. और ये तीसरा बताएगा कि साइट पर कौन आया, कहाँ से आया, क्या लिखकर आया."

चंद्रहासांच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर पहिल्यांदा चमक आली. "म्हणजे उपकरणंच की ही!"

त्यांनी आठवडाभर खपून वेबसाइटसाठी मजकूर लिहिला. सुरुवातीला सारांश, मग तांदळाच्या पिष्टमय घटकांविषयी प्रस्तावना, मग कृती, शेवटी संदर्भ. पहिल्या सॉफ्टवेअरने त्यावर लालभडक शेरा मारला. हव्या त्या शब्दांचा वापर कमी, म्हणे.

"कमी? थांब, दाखवतो," म्हणून चंद्रहास पुन्हा बसले. दोन दिवसांनी त्यांनी पद्मिनीला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं, "लखनऊ में मोदक चाहिए? लखनऊ के मोदक प्रेमियों के लिए लखनऊ में बने लखनऊ के सर्वोत्तम मोदक अब लखनऊ में."

"अहो, हे वाचून माणसाला भूक नाही लागणार, घेरी येईल!"

"पण हिरवा आलाय बघ," चंद्रहास पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. खरंच हिरवा आला होता. पद्मिनीने कपाळाला हात लावला आणि कुकर बघायला गेली.

पुढे रोज सकाळी चहा झाला की चंद्रहास कॉम्प्युटरपाशी बसायचे, 'लखनऊ मोदक' असं टाइप करायचे, आपली वेबसाइट कितवी ते बघायचे, आणि सापडली की तिच्यावर क्लिक करून ती नीट उघडतेय ना तेही तपासायचे. पहिल्या दिवशी त्यांना ती शोधायला बरीच पानं पालथी घालावी लागली. मग वेबसाइट वर सरकायला लागली. तिसरं पान, दुसरं पान. ऑगस्टच्या एका सकाळी चंद्रहास ओरडले, "पद्मिनी! पहिला नंबर! सगळ्यांच्या वर!"

पद्मिनी पिठाच्या हातांनी धावत आली. खरंच, सगळ्यांच्या वर तिचंच नाव. तिला भरूनच आलं.

"पण आर्याचं ते दुसरं सॉफ्टवेअर काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"ते अजून सातवं पान दाखवतंय. उपकरणात दोष आहे. डोळ्यांना दिसतंय ते खरं की यंत्र सांगतंय ते?"

शास्त्रज्ञच म्हणतोय म्हटल्यावर पद्मिनी काय बोलणार?

त्या संध्याकाळी विभाकडे गणेशोत्सवाची बैठक होती. चंद्रहास, जे एरवी मंडळात मागच्या खुर्चीवर बसायचे, ते चौक बाजारातून मलाई गिलौरी या लखनवी मिठाईचा भलामोठा डबा घेऊन गेले आणि स्वतः फिरून सगळ्यांना वाटली. "गूगलवर पहिला नंबर आला," असं प्रत्येकाला सांगत. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, आम्हालाही दाखवा की! आर्याने आपला लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर टाइप केलं.

पहिल्या पानावर नाव नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. आर्या पुढे पुढे जात राहिली, आणि खोलीतला आवाज कमी कमी होत गेला. सातव्या पानावर, सगळ्यात खाली, सापडलं.

"काका," आर्या जरा अवघडून म्हणाली, "आप रोज़ अपने ही कंप्यूटर पर ढूँढते थे ना? और रोज़ अपनी ही साइट पर क्लिक करते थे? तो गूगल समझ गया कि इन साहब को यही पसंद है. इसलिए बस आपको ऊपर दिखाने लगा. बाकी दुनिया को नहीं."

मग विभाला हसू फुटलं, आणि तिचं हसू म्हणजे काय विचारता, सगळं मंडळ खो खो हसायला लागलं. पद्मिनीही हसली. हसता हसता तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. चंद्रहास रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते, कान लाल झालेले. तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. तिला त्यांची इतकी माया आली की तिथल्या तिथे विभाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

परतताना ऑटोत, घराजवळचं तेलीबाग आल्यावर ते म्हणाले, "उपकरण बरोबर होतं. बघणाराच चुकला."

"असू दे हो. गिलौरी तरी छान होती."

आता हसून झाल्यावर विभाला वाईट वाटलं. पद्मिनीने स्वयंपाकघरात तिला पैजेचं सगळं सांगितलं होतं. पद्मिनी लखनौ सोडणार? मग मंडळाच्या प्रसादाचं काय, भांडायला कोण, हक्काने रागावायला कोण? विभाने गुपचूप कंबर कसली.

तीन-चार दिवसांनी दारात एक सूटबूटवाले गृहस्थ उभे. "हम आलमबाग से आए हैं. इंटरनेट पर खोजा, आपका नाम मिला. मोदक चाहिए."

पद्मिनीचा जीव हरखून गेला. चंद्रहासांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि प्रेमाने विचारलं, "क्या लिखकर खोजा था आपने?"

"जी... मोदक."

"कब?"

"कल."

चंद्रहासांनी आर्याचं तिसरं सॉफ्टवेअर उघडलं, चष्मा नाकावर सारला आणि म्हणाले, "कल साइट पर एक ही आदमी आया था, साहब. और वो हम थे."

गृहस्थ बिचारे घामाघूम झाले. ते विभाच्या नवऱ्याच्या ऑफिसातले निघाले. चंद्रहासांनी त्यांना आग्रहाने मोदक खाऊ घातले, वर डबाही बांधून दिला, पण गिऱ्हाईक म्हणून धरलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एक तरुण मुलगी आली. तिने शोधल्याचे शब्द घडाघडा म्हणून दाखवले, साइटवर आदल्या दिवशी जाऊनही आली होती. सगळं जमलं होतं. जाताना मात्र वाकून नमस्कार करून म्हणाली, "अच्छा काकू, चलती हूँ."

लखनौत परका माणूस बाईला आंटी म्हणेल, दीदी म्हणेल, बहनजी म्हणेल. काकू कोण म्हणणार? चंद्रहासांनी नुसतं पद्मिनीकडे पाहिलं. मुलगी आर्याच्या ऑफिसातली होती.

पद्मिनीने विभाला फोन लावून झाड झाड झाडलं. "अगं, पाठवायचीच होती तर धड पढवून तरी पाठवायचीस!" आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. नाही म्हटलं तरी ती मुलगी जाईपर्यंत तिने मनातल्या मनात पुण्याचा फ्लॅट नाकारूनही टाकला होता. आपण इतकं का अडून बसलोय इथे, आपलं इथे खरंच कोण आहे, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला भीती वाटली.

त्याच दुपारी चंद्रहासांनी तिला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. आवाज वेगळाच होता, नरम. "इकडे ये जरा. आर्याने आणखी एक दाखवलंय. लोक मोदकाबद्दल नेमकं काय टाइप करतात, ते यात दिसतं. आपण 'लखनऊ मोदक', 'सर्वोत्तम मोदक' करत बसलो. तसं कुणी विचारतच नाहीये. हे बघ. 'घर में पहली बार गणपति कैसे बिठाएँ.' 'मोदक फट जाए तो क्या करें.' लोक विचारतायत गं, आणि कुणी धड उत्तर देत नाहीये." ते खुर्ची वळवून तिच्याकडे पाहत म्हणाले, "का फाटतात मोदक?"

"इतकी वर्षं खाताय, आणि आत्ता विचारताय?"

"हो. आत्ता विचारतोय."

मग ती सांगायला लागली आणि ते लिहायला लागले. सारांश नाही, संदर्भ नाही. ती भाजीवाल्याशी बोलायची तशी हिंदीत बोलत गेली आणि चंद्रहास तिचा शब्द न शब्द टाइप करत गेले. "देखिए, घबराइए मत. हमारे भी फटते हैं. पानी खौल जाए तब आटा डालिए, फिर ढककर छोड़ दीजिए, झाँकिए मत. और गरम-गरम ही गूँधिए. हाथ जले तो जले, ठंडा हुआ कि गया काम से." मध्येच चंद्रहास म्हणाले, मला करून बघितल्याशिवाय पटत नाही, आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उकड मळली. चटके बसले की 'आई गं' करत, हात झटकत. त्यांचा पहिला मोदक तीन ठिकाणी फाटला आणि त्यातून गुळाचा पाक ताटलीभर वाहिला. पद्मिनी हसून हसून ओट्याला टेकली. चंद्रहासांनी मात्र त्या मोदकाचा फोटो काढला आणि तो जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला. खाली लिहिलं, "यह हमारा फटा हुआ मोदक है. इसमें आटा ठंडा हो गया था."

"अहो, फाटलेला मोदक टाकून कुणी धंदा करतं का?"

"निरीक्षण लपवायचं नसतं."

सॉफ्टवेअरने त्या पानाला पिवळा रंग दिला. चंद्रहास त्या पिवळ्याकडे पाहून म्हणाले, "राहू दे पिवळं. बरोबर लिहिलंय आपण."

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. रोज दुपारी एक नवा प्रश्न काढायचा आणि तिने उत्तर सांगायचं. ओला नारळ नसेल तर? पाच जणांच्या घरात मोदक किती? विसर्जन बादलीत चालेल का? चंद्रहास जानेवारीपासून जे मिटून गेले होते ते पुन्हा बोलायला लागले, जेवताना वाद घालायला लागले. स्वतःच्या कॉम्प्युटरवर शोधायला त्यांनी स्वतःलाच बंदी घातली होती. नंबर आता आर्याकडून फोनवर यायचा. "काका, पाँचवाँ पन्ना!" मग, "काका, तीसरा!" गणपतीच्या आदल्या दिवशी तिने किंचाळूनच सांगितलं, "काका, पहला पन्ना! मेरे कंप्यूटर पर, मम्मी के फ़ोन पर, ऑफिस में भी!" या वेळी गिलौरी आणली नाही. चंद्रहास नुसते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले, पण शीळ वाजवत.

गणपती आले. घरचा दीड दिवसाचा गेलाही. मंडळाच्या मागण्या भरपूर आल्या, पद्मिनीला मान वर करायला फुरसत नव्हती. तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रोज माणसं दिसत होती, वाचत होती, थांबत होती, निघून जात होती. मोदक मागायला मात्र कुणी येईना. का येईल? घरी कसे करायचे ते आपणच फुकटात सांगून बसलो, हे पद्मिनीच्या लक्षात आलं तेव्हा अनंत चतुर्दशी परवावर आली होती.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने माळ्यावरचे स्टीलचे डबे खाली काढले आणि एक एक पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. शब्द म्हणजे शब्द. चंद्रहास दारात येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"हैलो, आप मोदक वाली बोल रही हैं? वेबसाइट पर नंबर मिला," पलीकडून बाईचा रडवेला आवाज. "बहनजी, हमारे सारे फट गए. घर में पहली बार गणपति बिठाए हैं, शाम को सब लोग आने वाले हैं, सास कह रही हैं अपशकुन हो गया."

"कोई अपशकुन नहीं," पद्मिनी डबा बाजूला सारत म्हणाली. "पहले ये बताइए, आटा ठंडा करके गूँधा था?"

"हाँ, हाथ जल रहा था तो..."

"बस, यही हुआ. उसको दोबारा भाप दीजिए. ऊपर गीला कपड़ा." ती सांगत गेली. चंद्रहास तोवर तिसऱ्या सॉफ्टवेअरपाशी पोचले होते आणि हातवारे करून तिला विचारत होते, काय टाइप केलं होतं विचार, काय टाइप केलं होतं! पद्मिनीने हाताने 'थांबा हो' केलं.

"हमसे नहीं होगा, बहनजी. आप ही बना दीजिए. जितने बन सकें. आदमी भेजकर मँगवा लेंगे, आप कहाँ रहती हैं?"

पद्मिनी पत्ता सांगणार, तेवढ्यात फोनमधून एक ओळखीची हाळी ऐकू आली. "लौकीऽ तरोईऽ, ताज़ा पालकऽ!" आणि मागोमाग तीच हाळी, तोच सूर, मागच्या खिडकीतून. पद्मिनीने फोन कानापासून लांब धरला. पुन्हा कानाला लावला. भाजीवाला पुन्हा ओरडला, दोन्हीकडून.

"एक मिनट," ती म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून मागच्या अंगणात गेली. मागच्या घराची आणि त्यांची भिंत एकच. बादली पालथी घालून ती वर चढली आणि भिंतीवरून डोकावली. पलीकडे अंगणात तिच्याहून थोडी लहान एक बाई उभी होती. हाताला कोपरापर्यंत तांदळाची पिठी, फोन खांद्यात दाबलेला, डोळे पाण्याने भरलेले.

"आप?" ती बाई फोनमध्येच म्हणाली.

"हम," पद्मिनी फोनमध्येच म्हणाली.

आणि मग दोघी फोन ठेवायचं विसरून अशा हसत सुटल्या की चंद्रहास घाबरून धावत बाहेर आले.

बाईचं नाव शशिबाला अवस्थी. पिठाचे हात धुऊन ती अर्ध्या तासात पुढच्या दाराने आली, पूर्ण गल्लीला वळसा घालून, आणि पद्मिनीच्या ओट्यापाशी नारळ खवायला बसली. चंद्रहासांना राहवेना. "क्या लिखकर ढूँढा था आपने?"

"'मोदक फट जाए तो क्या करें.' बहुत सारे निकले, भाई साहब, सबकी सुंदर-सुंदर तस्वीरें. एक आपकी ही तस्वीर फटे मोदक की थी. हमने सोचा, ये लोग झूठ नहीं बोलते, इन्हीं को फ़ोन करो."

चंद्रहासांनी पद्मिनीकडे पाहिलं. तिने मुद्दाम पाहिलं नाही.

खवणीवरचा शशिबालेचा हात थोडा मंदावला. "एक बात कहें? जाड़े में आपके यहाँ सुबह-सुबह गाड़ी आई थी ना? भाई साहब को पकड़कर ले जा रहे थे. कोहरे में दिखता कुछ नहीं था, पर हम दोनों छत पर से सब सुन रहे थे. हमारी भी गाड़ी खड़ी थी नीचे. इन्होंने कहा, चलें क्या? हमने कहा, जान-पहचान तो है नहीं, बुरा न मान जाएँ." तिने खवलेला नारळ बाजूला सारला. "बड़ा पछतावा रहा उसका. रोज़ सोचते थे कि पूछ आएँ, कैसे हैं. फिर इतने दिन हो गए कि शरम आने लगी."

मोदकपात्रातून वाफ येत होती. चंद्रहास चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते.

शशिबाला मोदकांचं ताट झाकून घेऊन गेली, संध्याकाळी आरतीला दोघांनी यायचंच असं बजावून. दार लागल्यावर पद्मिनी पदराला हात पुसत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "झालं ना? आलं ना परकं गिऱ्हाईक? लावा उल्हासला फोन."

चंद्रहास खाकरले. अरे देवा, तिला ते खाकरणं ओळखीचं होतं. "तसं शास्त्रशुद्ध बघायला गेलं तर, पद्मिनी, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीला परकं म्हणता येईल का, हा प्रश्न आहे."

पद्मिनी कमरेवर हात ठेवून हसली. या क्षणाची ती जून महिन्यापासून वाट बघत होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

"बरं. नका म्हणू परकं. आपलीच माणसं म्हणा. मग 'इथे आपलं कोण आहे' हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. आता तुम्हीच ठरवा. परकी असेल तर मी पैज जिंकले. आपली असेल तर पुण्याला जायचं कारणच उरलं नाही. बोला, शास्त्रज्ञ!"

चंद्रहासांनी विचार केला. या बाजूने केला, त्या बाजूने केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला की पद्मिनीला लग्नातला तो काटकुळा मुलगा आठवला. त्यांनी फोन उचलला.

"उल्हास? दादा बोलतोय. तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक, आम्ही नाही येत." पलीकडून उल्हास काहीतरी मोठ्याने विचारत होता. "हो, आलं एक गिऱ्हाईक. परकं की ओळखीचं? ते तुझ्या वहिनीलाच विचार, मी हरलोय."

पण वहिनी फोनवर यायला रिकामी नव्हती. ती मागच्या अंगणात बादलीवर चढली होती. भिंतीपलीकडून शशिबाला विचारत होती, आरतीला टाळ लागतात का, आणि असतील तर घेऊन याल का. पद्मिनी वळून ओरडली, "अहो, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले डबे सोडा बघू आधी, टाळ त्यातच आहेत!"